‘लाव’ म्हणायचं नाही

१८ मार्च

परत तेच! आणि आज तर गिऱ्हाइकाच्या घरात, त्यांच्या सुनेपुढे, लेकरांपुढे — “लाव म्हणू नको म्हटलं ना तुले!” जसं काही मी आईबहिणीवरून शिवी दिली. मी एवढंच म्हटलं होतं — वहिनी, बाल्कनीचं दार लावा, मांजर येते आत. बस. तेवढ्यावर आमचा मिस्त्री बंडूजी एसीखालच्या शिडीवरून अर्धा खाली उतरला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे निम्मे शब्द गालातच राहतात, पण ओरडायचं काही सोडत नाही.

“दार लोटा म्हण. झाकण बसवा म्हण. मेन बंद हाये तोवर लाव म्हणायचं नाई. कोणाले नाई अन् कायले नाई.”

हा दुसरा उन्हाळा मी हे ऐकून राह्यलो. त्याचं म्हणणं असं — दार लाव म्हणजे बंद कर, आणि लाईट लाव म्हणजे चालू कर. शब्द एकच. भिंतीवर पोरगं लटकलं असताना घरातल्या माणसानं त्यातून काय समजायचं? “आपली भाषाच करंट मारते,” म्हणतो. हे वाक्य त्याला भलतं आवडते. चहा येईपर्यंत प्रत्येक घरी ऐकवतो.

मी पण आज सोडला नाही. म्हटलं, “मंग लग्न लाव म्हणजे काय बंडूजी? चालू का बंद?”

वहिनी फिसकन हसली. बंडूजी पण हसला.

“ते दोन वर्षांनं समजते लेका.”

मग वहिनी हसायची थांबली.

फोन लाव, टिळा लाव, आग लाव, वाट लाव — सगळी दुनिया या एका शब्दावर चालते, आणि मी तो गिळून एसी दुरुस्त करायचा. नोकरी आहे का उपास आहे?

१९ मार्च

आज दिवसभर एकदाही म्हटलं नाही. तर म्हणे, “काऊन बे, बरं नाई काय? मुका झाला आज.”

२३ मार्च

सुट्टी. बोरगाव मेघेत खोलीवर पडून आहे. वर टिनाचं छप्पर. दुनियेचे एसी नीट करतो आणि स्वतः ओला टॉवेल पोटावर घेऊन झोपतो. ही डायरी पाइपवाल्या दुकानदारानं फुकट दिली. आठवीपर्यंत शिकलो तेवढं अजून हातात आहे. मास्तर ‘मले’ लिहिलं की छडी मारायचे, म्हणून कागदावर अजून ‘मला’ येते. तोंडात मात्र मलेच.

फोन वाजून राह्यला. आई. वाजू दे.

मी इथं आलो तो काही वर्धा पाहायला नाही आलो. मेहकरच्या बाजूला आमचं गाव, रात्रभराची एसटी. सव्वा वर्ष दर महिन्याला घरी पैसे टाकले. सांगून टाकले — आई, हे जमा ठेव, मला एसीच्या कामाचं स्वतःचं गेज, व्हॅक्यूम पंप घ्यायचा आहे, मेहकरला दुकान टाकतो. दिवाळीत गेलो तर पैसे नाहीत. श्रावणदादाचं लग्न झालं त्यात. डीजे लावला, मांडवात मोठे मोठे कूलर लावले, नवरीला फ्रिज! मी विचारलं तर आई म्हणे, “घरचेच तं कामात आले ना बाप्पा.” घरचे! भिंतीवर घरचा कोणी लटकला होता?

त्या रात्रीच बसमध्ये बसलो. तेव्हापासून एक पैसा नाही, एक फोन नाही. मागच्या पोळ्याला माझा फोन बिघडला होता तर बंडूजीच्या फोनवरून अर्धा तास आईशी बोललो होतो — बैलांचं, लहान बहीण सरिताच्या शाळेचं, कशाकशाचं. आता माझा फोन चांगला आहे आणि बोलायला काही नाही.

परत वाजला. थांबला.

३० मार्च

पाडवा. पवनारहून आनंदाबाईनं — बंडूजीची बायको — वडे आणि पुरणपोळी पाठवली. डबा माझ्या हातात देताना बंडूजी म्हणे, “तुह्यासाठी नाई, डब्यात जागा होती म्हणून भरलं तिनं.” बरं.

दुपारी कारंजाला काम निघालं. घाडग्यांचं कारंजा, हायवेवरचा ढाबा, त्याच्या एसी हॉलचे दोन युनिट बंद. वरून ऊन असं की पाना हातात धरवत नाही. बंडूजीची पद्धत म्हणजे मेन बंद करायचं आणि बोर्डापुढे एक रिकामा माणूस बसवायचा. त्यानं दुसरं काही करायचं नाही. कोणी बोर्डाला हात लावायला आला तर त्याला हाकलायचं. घरात असला तर म्हातारा बसवतो, कारण म्हातारा जागचा हलत नाही. ढाब्यावर रिकामं कोण असते? शेवटी हरियाणाचा एक ट्रकवाला खाटेवर पडला होता, त्याला उठवून बसवलं. त्याला मराठीचा शब्द येईना. बंडूजी खूश!

“हे बेस झालं. याले लाव समजतच नाई. आता म्हण तुले जेवढं म्हणायचं तेवढं.”

मी वर गच्चीवर उभा राहून ओरडलो — लाव! लाव! लाव! लाव! खालून ट्रकवाला म्हणे, “के लाऊँ भाई? चाय?”

आज हसलो, हे लिहून ठेवतो. फार होत नाही.

६ एप्रिल

मुकेशभाऊ — दुकान त्याचं — आज म्हणाला, “रुपेश, सीझन वाढून राह्यला. मले दोन मिस्त्री पाहिजे. तू कधी होतं मिस्त्री?”

मी म्हटलं, बंडूजीला विचारा.

बंडूजी बाजूलाच खर्रा घोटत होता. वर न पाहता म्हणे, “अजून नाई.”

“काऊन नाई?”

“त्याचं डोकं भिंतीवर नसते. दुसरीकडंच कुठं असते. भांडत असते कोणासंगं तरी.”

मुकेशभाऊ हसला. काम मी करतो! छज्ज्यावर मी उतरतो! हा आत उभा राहून दोरी धरतो, कॅपॅसिटरला पेचकस टेकवून करंट उतरवला का, हे दहा वेळा विचारतो, आणि बेल्ट असा आवळतो की जेवलेलं वर येते. बेल्ट खिडकीच्या ग्रिलला, त्यावर आणखी एक दोरी स्वतःच्या कमरेला. “माह्या हातून आजवर एक पोरगं पडलं नाई,” हे पण गिऱ्हाइकाला ऐकवायचं वाक्य. पोरगं पडलं नाही ना? पण वर पण चढू देत नाही त्याचं काय!

९ एप्रिल

बंडूजीचे नियम, आज परत सगळे ऐकले. माणूस भिंतीवर असताना मिस्त्रीनं फोन उचलायचा नाही. कोणाचाही. “बाप मेला तरी खाली उतरल्यावर रडायचं.”

माझा बाप मेलाच आहे. त्याच्या ध्यानात आलं. मग दिवसभर चहाचे पैसे त्यानंच दिले. माफी मागितली असती तर चहा वाचला असता.

१५ एप्रिल

काल जयंती. इथली रॅली पाहिली, निळा गुलाल, रात्रभर गाणी. गावाकडं या दिवशी आई पहाटे उठून खीर करते, पहिली वाटी मला. दादाला नाही, मला. लहानपणापासून.

तिचे काल चार फोन. नाही उचलले. खिरीची एक वाटी आणि त्याच्यावर लग्नाचा डीजे — कशाचा हिशोब कशात?

बंडूजी सकाळी म्हणे, “घरी बोलला काय काल?”

मी म्हटलं, तुम्हाला काय करायचं आहे?

“काही नाई. सण होता म्हणून इचारलं.”

२१ एप्रिल

डाव्या हातानं लिहितो. जिवंत आहे.

२५ एप्रिल

पट्टी लहान केली. पेन अंगठा आणि तिसऱ्या बोटात धरता येते. हळू हळू लिहितो. कोणाला सांगायचं नाही म्हणून इथं सांगतो.

काम बोरगावमधलंच होतं. अंकुशराव म्हणून बँकेतले साहेब, त्यांचं वरच्या मजल्याचं युनिट. बाहेरचं युनिट छज्ज्याच्या टोकावर, लावणाऱ्यानं दारू पिऊन लावलं असेल तसं. मेन बंद केलं. बोर्डापुढे बंडूजीनं साहेबांच्या वडिलांना बसवलं — रूपरावजी. धोतर, टोपी, कानानं कमी ऐकतात. गावावरून पोरापाशी राहायला आलेले, दिवसभर काही काम नाही, त्यामुळे खुर्ची मिळाल्यावर बुढा असा ताठ बसला जसा कोतवाल.

बंडूजीनं त्यांना दोनदा सांगितलं, “बाबाजी, कोणाले हात लावू द्याचा नाई. मी म्हणीन तवाच तुमी चालू करायचं. माह्याच तोंडून.”

“तुह्याच तोंडून,” बुढा म्हणे. “समजलं ना बाप्पा. लहान हाओ काय मी?”

मी बेल्ट बांधून छज्ज्यावर उतरलो. उतरतानाच खिशात फोन थरथरला. पाहिला पण नाही. त्या वेळी घरूनच येते. थांबला, परत थरथरला. वाजू दे, म्हटलं.

युनिटचं झाकण काढलं. पंख्याच्या तारा जळलेल्या. सोलून नव्या जोडत होतो. डोकं भिंतीवर नव्हतं, खरं सांगतो. मनात आईलाच बोलत होतो. रोजचंच — डीजे, कूलर, फ्रिज.

आतून बंडूजीचा आवाज आला. घरात बोलत असल्यासारखा, मऊ.

“लावा. हो हो. लावा.”

मला हसू आलं. म्हटलं आता सापडला लेकाचा! वर मान करून ओरडणार, तेवढ्यात तार जिवंत झाली.

करंट लागतो म्हणजे झटका बसतो असं लोकांना वाटते. तसं नाही. तो धरतो. हात आपला राहत नाही, मूठ उघडत नाही, आणि दात असे दाबले जातात की डोक्यात आपलाच आवाज ऐकू येतो. मग छज्जा पायाखालून गेला. पडल्यानं तार सुटली, म्हणून वाचलो. बेल्टनं पोटात अशी लाथ मारली की श्वासच गेला. लटकलो. खाली साहेबांची गाडी, तुळशीचा ओटा, आणि एक कुत्रा वर पाहत होता, भुंकत पण नव्हता.

बंडूजीनं दोरीनं ओढलं. एकट्यानं. आत घेतल्यावर माझ्या छातीवर कान ठेवून तो रडत होता का खोकत होता, कळलं नाही. खर्रा माझ्या शर्टवर सांडला. डाग अजून आहे.

उजव्या हाताची दोन बोटं जळली. दवाखान्यात म्हणाले, वाचतील, पण वाकायला वेळ लागेल.

बोर्डापुढे रूपरावजी तसेच बसले होते. हात बटणावर. “तू म्हटलं ना,” एवढंच म्हणत होते. “तूच म्हटलं ना बाप्पा, लावा म्हणून.”

२६ एप्रिल

बंडूजी खोलीवर आला. संत्री आणली. मीच विचारलं — कोणाशी बोलत होते?

“फोन आलता.”

“कोणाचा?”

“घरचा.”

“माणूस भिंतीवर असताना उचलला?”

“उचलला.”

बस. एवढंच. नियम दोन, दोन्ही त्याचे, दोन्ही त्यानंच मोडले, आणि संत्रं सोलून माझ्या तोंडापुढे धरतो. मी तोंड फिरवलं.

२७ एप्रिल

झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरून राह्यली.

घरचा फोन म्हणतो. घरी कोण? आनंदाबाई. पोरबाळ नाही. आनंदाबाईला तो अगं-तुगं करतो, मी हजारदा ऐकलं — “भाजी टाक, येतो. दार लोट.” बायकोला ‘लावा’ कोण म्हणते? आपल्याकडं तरी कोणी नाही म्हणत! लावा हे मोठ्या माणसाला म्हणायचं. आणि त्या घरात त्या वेळी मोठा माणूस एकच होता. खुर्चीवर बसलेला.

म्हणजे फोनबिन काही नाही. काम झालं असं समजून त्यानं बुढ्यालाच सांगितलं, लावा. आता फोनच्या आड लपतो. मला सांगत होता, तुझं डोकं भिंतीवर नसते!

२९ एप्रिल

अंकुशरावांच्या घरी गेलो. बेल्ट आणि पाने तिथंच राह्यले होते. नाही — खरं म्हणजे बुढ्याला पाहायला गेलो.

रूपरावजी अंधारात बसलेले. भर दुपारी खिडकी बंद, पंखा बंद. सूनबाई म्हणे, “तवापासून बटणाले हात लावत नाईत. अंधारात पाणी प्यायले उठले अन् काल पडले. हे रागावतात ना त्याहिले — बाबा, तुमच्या पायी पोलीस आले असते घरी.”

बुढ्यानं माझा पट्टीचा हात धरला. स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले होते, ते काढून धरला.

“मी मारला असता रे तुले. गावाकडं धाडून द्या म्हणतो मले. इथं काई कामाचा नाई मी.”

मग माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, बाबाजी, तुम्ही बरोबर ऐकलं. त्यानं म्हटलं, लावा. मी पण ऐकलं, छज्ज्यावरून. तुमची काही चूक नाही.

अंकुशराव मागं उभे होते. लगेच मुकेशभाऊला फोन.

बुढ्यानं पंखा चालू केला. स्वतः. हे चांगलं झालं ना? चांगलंच झालं.

३० एप्रिल

दुकानात मुकेशभाऊनं दोघांना समोर उभं केलं.

“रुपेश, खरं सांग. यानं बुढ्याले म्हटलं लावा?”

मी म्हटलं, म्हटलं.

“बंडूजी, तुमी तं म्हणता फोनवर होते. कोणाचा फोन? दाखवा फोन.”

बंडूजीनं फोन काढला, पाहिला, परत खिशात टाकला. “नाई दाखवत. घरचा होता.”

“वहिनीचा?”

बंडूजीनं खिशावर हात ठेवला.

मी म्हटलं — माझ्या तोंडून निघून गेलं — “वहिनीले हे ‘लाव’ म्हणतात. ‘लावा’ नाई म्हणत.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेत मास्तर आपल्याला येणारं उत्तर मुद्दाम विचारतात ना, आणि आपण चुकवतो — तसं. मग खर्रा थुंकून आला आणि म्हणे, “तोंड माहंच होतं मुकेशभाऊ. लावा म्या म्हटलं. पोरगं माह्या दोरीवर होतं. आता पुढचं बोला.”

पुढचं मुकेशभाऊ बोलला. साहेब तक्रार करू म्हणत आहेत, दुकानाचं नाव जाईल, तुम्ही काही दिवस घरी थांबा. काही दिवस म्हणजे काय, ते दुकानातल्या सगळ्यांना समजलं.

१ मे

त्याची थैली दुकानातच पडून आहे. कोणी हात लावला नाही. मी पण नाही.

४ मे

आनंदाबाई आली खोलीवर. मला वाटलं शिव्या देईल, मी तयारच होतो. ती डबा मागायला आली होती, पाडव्याचा, माझ्यापाशीच राहिलेला. घासलेला नव्हता. तिनंच मोरीत बसून घासला. घासत घासत बोलत होती, माझ्याकडं न पाहता.

“एक गोष्ट सांग रुपेश. त्या दिवशी म्या याहिले फोन केलाच नाई. म्या तं लग्नाले गेलती, फोन घरी चुलीजवळ पडून होता. मंग हे घरचा फोन, घरचा फोन काऊन म्हणतात?”

मी पाण्याची बादली तिच्याकडं सरकवली.

“इचारलं तं सांगत नाई. फोन उशीखाली घेऊन झोपतात. या वयात कोणाले लावा लावा करत होते, तेवढं तरी इचारून सांग मले. नोकरी गेली त्याचं नाई. कूलरात गवत भरतीन, मोटारीची वायंडिंग भरतीन, पोट भरंन. पण धाम नदीच्या पुलावर जाऊन बसतात एकटे. अन् मी घरात भिंतीसंगं बोलतो.”

मी म्हटलं, फोन आलाच नसेल काकी. ते खोटं बोलतात.

तिनं डबा पुसला. “तेवीस वर्षं झाले लग्नाले. खोटं बोलता येत नाई त्या माणसाले. लपवता येते. ते दुसरं असते.”

गेल्यावर लक्षात आलं, चहा पण विचारला नाही तिला.

६ मे

मुकेशभाऊ म्हणे, आजपासून तू मिस्त्री. पगार नऊ हजाराचे सोळा. बंडूजीची थैली, बंडूजीची गाडी, बंडूजीचा बेल्ट. बेल्टला त्याच्या कमरेच्या भोकावर वळ पडलेला. मला ते भोक ढिलं होते. नवीन पाडलं नाही अजून.

ज्यासाठी तडफडत होतो ते झालं. कोणाला सांगावं, असा एक माणूस नाही.

१३ मे

आज सिंदीकडं काम. एका घरी मेन बंद करून बोर्डापुढे म्हातारी बसवली. माझ्या तोंडून काय निघालं? “आजी, लाव शब्द कोणी म्हणायचा नाही या घरात आता.” म्हातारी म्हणे, “काऊन रे, शिवी हाये काय ते?”

बोटं वाकून राह्यली हळूहळू. पाना धरता येते. मूठ पुरती मिटत नाही.

कामावर असताना फोन बंद ठेवतो. वाजला तर उचलत नव्हतोच, पण आता वाजायची पण भीती वाटते.

२० मे

बसमधून पवनार गेलं. पुलाच्या कठड्यावर तो दिसला. पाठमोरा. उतरलो नाही. त्यानं एकदा म्हणायला पाहिजे होतं — चुकलो. मी माफ केलं असतं. खरंच केलं असतं. पण घरचा, घरचा! माणसाला आपली चूक एवढी कशी गिळता येते?

२८ मे

रूपरावजी भेटले चौकात. काठी टेकत एकटे फिरायला निघालेले. म्हणे, “तो तुहा मिस्त्री दिसत नाई. बरा माणूस होता. गरीब बोलत होता.”

मी म्हटलं, तुमच्याशी?

“माह्यासंगं नाई. लावा म्हणायच्या आधी. बाई बाई करत होता. मले वाटलं कोणी बाई आली घरात.”

बुढ्याला कमी ऐकू येते. काहीही सांगतो.

१ जून

घरी फोन लावला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मिस्त्री झालो हे ऐकवायला, दुसरं काही नाही. आईनं पहिल्या रिंगला उचलला.

“हात कसा हाये रे?”

मी म्हटलं, कोणता हात? तुले कोणी सांगितलं?

“बंडूजीनं. तू उचलत नाईस तं मी त्याहिलेच इचारतो, जेवते काय, झोपते काय. म्याच म्हटलं होतं, रुपेशले सांगू नका, नाई तं तुमच्यावरही रुसंन. त्या दिवशी बी आधी तुले लावला, मंग त्याहिले. ते म्हणे, पोरगं भिंतीवर हाये बाई, आता नाई, संध्याकाळी लावा. म्या म्हटलं, लावू ना नक्की? तं म्हणे, लावा. हो हो. लावा. — अन् मंग काय तरी पडलं रे जोरात…”

पुढचं मले ऐकू नाई आलं.

आता आधी पवनारले फोन लावतो. आनंदाबाईले. मंग पैसे, आनंदाबाईच्याच नंबरवर — नऊच्या वरचे सात हजार.